तालीम, तिकीट आणि ताळेबंद

तापी, पांझरा आणि बुराई या नद्या धुळे जिल्ह्यातील शिंदखेडा तालुक्यातून वाहत असल्या, तरी तालुक्याची बरीचशी शेती आजही पावसाच्या भरवशावर आहे. दोंडाईच्याची बाजारपेठ मिरचीसाठी दूरवर प्रसिद्ध आहे, नरडाणा येथे औद्योगिक वसाहत आहे आणि भुसावळ–सुरत लोहमार्ग तालुक्यातूनच जातो. या लोहमार्गाने खान्देशातील तरुणांना सुरतेची वाट दाखविली. पाऊस हुकला की गावातील हात सुरतेकडे वळतात, हा अनुभव नवा नाही. या तरुणांनी आपल्याच भागात एखादा व्यवसाय उभारावा म्हणून शासनाच्या योजना आहेत, बँकांची कर्जे आहेत, प्रशिक्षणवर्गही आहेत. असे असूनही अर्जाच्या पुढच्या पायरीवर पुष्कळांचे पाऊल अडखळते. अनोळखी माणसासमोर उभे राहून आपली वस्तू वा सेवा त्याला पटवून देणे, ठरल्या दिवशी ठरलेले काम पुरे करणे, चार जणांकडून काम करवून घेणे आणि एकदा फसले तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा उभे राहणे, या गोष्टी अर्जाच्या नमुन्यासोबत मिळत नाहीत.

त्या शिकविणाऱ्या जागा मात्र खान्देशात पूर्वापार आहेत. तमाशाचा फड, वहीगायनाचे मंडळ, लग्नसराईतील बँडपथक आणि अलीकडच्या काळात शाळेचे स्नेहसंमेलन, या त्या जागा होत. कलेचे शिक्षण हे उद्योजकतेची पूर्वतयारी ठरू शकते, या दृष्टीने त्यांच्याकडे सहसा पाहिले जात नाही. नाटकात रमलेला मुलगा वाया गेला, असेच घरात समजले जाते. या समजुतीत तथ्य किती आणि गैरसमज किती, हे तपासून पाहावयास हवे. कारण मराठी रंगभूमीचा इतिहास या दोन्ही बाजूंनी साक्ष देतो.

फडाचा व्यवहार

तमाशा पाहावयास गेलेल्या प्रेक्षकाला राहुट्यांमागचा व्यवहार दिसत नाही. तंबूच्या मोठ्या फडात शंभराच्या आसपास, प्रसंगी त्याहून अधिक माणसे असतात. नर्तकी, गायक, ढोलकी व हलगीवाले, सोंगाड्या, वगातील नट यांच्या जोडीला तंबू उभारणारे मजूर, वाहनचालक, स्वयंपाकी, तिकिटे विकणारा आणि व्यवस्थापक असा सारा संसार गावोगाव हलत असतो. दसऱ्याच्या सुमारास बाहेर पडलेला फड वैशाखापर्यंत फिरतो. पावसाळ्यात खेळ बंद. म्हणजे सात-आठ महिन्यांच्या मिळकतीवर बारा महिने काढावयाचे असतात. हंगाम सुरू होण्यापूर्वी कलावंतांना उचल द्यावी लागते आणि त्यासाठी फडमालक बहुधा स्वतःच कर्ज काढतो.

उत्पन्नाचे मार्ग दोन. गावच्या यात्रा समितीने ठरीव रकमेला खेळ घेणे म्हणजे सुपारी. दुसरा मार्ग, स्वतः तंबू ठोकून तिकिटावर खेळ करण्याचा. सुपारीत रक्कम बांधलेली आणि धोका थोडा. तिकिटाच्या खेळात नफा मोठा असू शकतो, परंतु अवकाळी पाऊस, कापसाचा पडलेला भाव किंवा शेजारीच लागलेला दुसरा तंबू यांची झळ एकट्या मालकाला सोसावी लागते. पुणे जिल्ह्यातील नारायणगाव येथे गुढीपाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच तेथे येतात आणि सुपाऱ्या ठरतात. सगळे प्रतिस्पर्धी एका रांगेत बसलेले आणि गिऱ्हाईक एका राहुटीतून दुसऱ्या राहुटीत जाणारे! भाव सांगण्याची, सोडण्याची आणि धरून ठेवण्याची याहून कठीण परीक्षा व्यवस्थापनाच्या कोणत्याही वर्गात घेतली जात नसेल.

खान्देशातील यात्रांचा क्रम पाहिला तर वेळापत्रकाचे महत्त्व कळते. मार्गशीर्षात दत्तजयंतीला सारंगखेड्याची, घोड्यांच्या बाजारासाठी गाजलेली यात्रा भरते. चैत्रात धुळ्यास एकवीरादेवीची, तर वैशाखात अमळनेरास सखाराम महाराजांची यात्रा असते. यांच्या अधेमधे लहान गावांचे असंख्य उत्सव. कोठे किती दिवस थांबावयाचे, कोणता मुक्काम तोट्याचा असूनही पुढच्या वर्षीच्या ओळखीसाठी करावयाचा, हा विचार फडाच्या व्यवस्थापकाला रोज करावा लागतो.

हे झाले मालकाचे. फडात उमेदवारी करणारा साधा नट काय शिकतो? गण, गौळण, बतावणी आणि वग असा तमाशाचा क्रम असतो. त्यातील बतावणीला ठरीव लिखित संवाद नसतात. सोंगाड्याला समोरच्या गावाचा अंदाज घेत बोलावे लागते. गावातील ताजी कुरबूर, यंदाच्या पिकाची गत, पुढच्या रांगेतील मानकऱ्यांचा स्वभाव हे सारे त्याला तंबू उभा राहतो आहे तोवर टिपून ठेवावे लागते. अहिराणी मुलखात एखादा ठसकेबाज अहिराणी शब्द नेमक्या जागी पडला की सारा तंबू हलतो, आणि तोच शब्द चुकीच्या जागी आला तर शांतता पसरते. ती शांतता मोठी शिक्षक आहे. विनोद पडला म्हणून खेळ थांबविता येत नाही. दुसऱ्याच क्षणी दुसरी बाजू धरावी लागते, आणि पडलेला विनोद पुढच्या गावी बदलून घ्यावा लागतो. माल गिऱ्हाइकाला का आवडला नाही याचा राग न धरता शोध घेणे, ही दुकानदाराला फार उशिरा आणि बरेच पैसे घालवून येणारी समज सोंगाड्याला हंगामाच्या पहिल्या महिन्यातच येते.

याचे ठळक उदाहरण म्हणजे दादा कोंडके. मुंबईत बँडमध्ये वाजविणे, राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात काम करणे आणि वसंत सबनिसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्यात सोंगाड्या रंगविणे, ही त्यांची शाळा. या शाळेतून मिळालेली प्रेक्षकाची पारख घेऊन ते १९७१ मध्ये ‘सोंगाड्या’ या चित्रपटाचे निर्माते झाले. पुढे त्यांच्या लागोपाठ नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव साजरे केले आणि त्याची नोंद गिनीज बुकात झाली. अभिरुचीच्या दृष्टीने त्या चित्रपटांविषयी कोणाचे मत काहीही असो, आपला प्रेक्षक कोण आणि तो कशासाठी पैसे मोजतो हे त्यांच्याइतके नेमके ओळखणारा निर्माता मराठीत विरळाच.

राजाश्रयाकडून तिकिटाकडे

मराठी नाटकाचा व्यवसाय झाला तोच मुळी गरजेपोटी. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगली येथे चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयाने ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले. १८५१ मध्ये आप्पासाहेब निवर्तले आणि राजाश्रय संपला. मंडळी मोडावयाची नसेल तर पैसे देणारा नवा धनी शोधणे भाग होते. तो धनी म्हणजे सामान्य प्रेक्षक. भावे आपली मंडळी घेऊन गावोगाव फिरले आणि १८५३ मध्ये मुंबईत त्यांनी तिकीट लावून खेळ केले. एका आश्रयदात्याच्या जागी शेकडो लहान गिऱ्हाइके आणणारा हा बदल होता. अनुदान बंद झाल्यावर काय करावे, हा प्रश्न आज ज्या संस्थांपुढे उभा राहतो त्यांनी भाव्यांचा हा प्रवास अवश्य अभ्यासावा.

केशवराव भोसले यांचे उदाहरण याहून बोलके आहे. १८९० मध्ये जन्मलेले केशवराव बालवयातच नाटक मंडळीत दाखल झाले. शाळेचे तोंड त्यांनी फारसे पाहिले नाही. तालमी, प्रवास, बिऱ्हाडांची व्यवस्था आणि मालकांचे डावपेच पाहत ते वाढले, आणि १९०८ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, त्यांनी हुबळी येथे ‘ललितकलादर्श’ ही स्वतःची मंडळी काढली. १९२१ मध्ये ते ऐन उमेदीत वारले. नामवंत गायकनटाची मंडळी त्याच्यामागे टिकत नाही, असा तेव्हाचा अनुभव होता. ललितकलादर्श मात्र बापूराव पेंढारकरांनी आणि पुढे भालचंद्र पेंढारकरांनी चालविली. मालकामागून चालत राहणारी संस्था उभी करणे ही उद्योजकतेची खरी कसोटी मानली, तर अठराव्या वर्षी मांडलेला हा डाव त्या कसोटीस उतरला, असे म्हणावयास हरकत नाही.

याच काळात खान्देशाशी नाते असलेला दुसरा एक कलावंत कीर्तीच्या शिखरावर होता. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, यांचे गाण्याचे आरंभीचे शिक्षण जळगाव येथे मेहबूबखाँ यांच्याकडे झाले. जळगावचे खुले नाट्यगृह आज त्यांच्या नावाने ओळखले जाते. १९१३ मध्ये गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांच्या भागीदारीत गंधर्व नाटक मंडळी निघाली. नाटकगृहे तुडुंब भरत होती. तरीही मंडळी कर्जात बुडाली! भरजरी वस्त्रे, उंची अत्तरे, खऱ्याखुऱ्या सामानाने सजविलेली रंगभूमी आणि पंगतीचा राजेशाही थाट यांवर उत्पन्नाचा मेळ न घालता खर्च होत राहिला. भागीदार एकामागून एक दूर झाले. प्रेक्षकाला उत्तम तेच द्यावयाचे, हा बालगंधर्वांचा बाणा कलावंत म्हणून वंदनीय होता. पण त्या बाण्याची किंमत लिहून ठेवणारा आणि वेळीच ‘आता पुरे’ म्हणणारा माणूस त्यांच्याजवळ टिकला नाही. रंगभूमीने त्यांना तालीम, तन्मयता आणि लोकांचे अलोट प्रेम दिले. जमाखर्च शिकविणे हे तिचे काम नव्हते, आणि तो शिकविला गेलाही नाही.

पाच भागीदार

गंधर्व नाटक मंडळीत काही काळ एक कोल्हापूरचा मुलगा उमेदवारी करीत होता. तोच पुढे व्ही. शांताराम या नावाने प्रसिद्धीस आला. नाटक मंडळीनंतर हुबळीस रेल्वेच्या कारखान्यात आणि सिनेमाच्या तंबूत पडेल ते काम करून १९२० मध्ये तो बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत आला. तेथे नट, मदतनीस, दिग्दर्शक अशी पायरीपायरीने वाटचाल करून १९२९ मध्ये त्याने सहकाऱ्यांसह कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. विष्णुपंत दामले, फत्तेलाल, केशवराव धायबर आणि शांताराम हे चौघे कलावंत-तंत्रज्ञ. पाचवे भागीदार सीतारामपंत कुलकर्णी यांनी भांडवलाची बाजू सांभाळली. या पाचव्या नावाकडे रसिकांचे लक्ष जात नाही. परंतु चार जणांचे कसब आणि एकाचे भांडवल यांची ही जोड नसती, तर १९३३ मध्ये पुण्यास एवढा मोठा स्टुडिओ उभा राहिला असता की नाही, याची शंका वाटते.

इतिहासाचा एक विलक्षण योगायोग येथे नोंदविला पाहिजे. १९३५ मध्ये प्रभातच्या ‘धर्मात्मा’ या चित्रपटात बालगंधर्वांनी संत एकनाथांची भूमिका केली. दिग्दर्शक होते शांताराम. ज्या मंडळीत मुलाने तोंडाला रंग लावण्यास आरंभ केला, त्या मंडळीचे धनी वीसएक वर्षांनी त्याच्या सूचनेनुसार कॅमेऱ्यापुढे उभे होते. दोघांनीही एकाच शाळेत धडे घेतले होते. एकाला व्यवहाराची जोड मिळाली, दुसऱ्याला ती मिळाली नाही.

हा केवळ महाराष्ट्राचा अनुभव नव्हे. शेक्सपीअर १५९४ पासून लंडनच्या एका नाटक मंडळीत नट आणि लेखक होता, त्याचबरोबर तो मंडळीचा भागीदारही होता; १५९९ मध्ये उभारलेल्या ग्लोब नाट्यगृहातही त्याचा हिस्सा होता. त्याला संपन्नता मिळाली ती प्रामुख्याने या हिश्शातून.

स्त्री कलावंतांच्या बाबतीत ही जोड मिळणे अधिकच कठीण असते. कांताबाई सातारकर यांचा प्रवास म्हणूनच महत्त्वाचा. गुजरातेत जन्मलेल्या आणि साताऱ्यात वाढलेल्या कांताबाई तुकाराम खेडकर यांच्या फडात नावारूपाला आल्या. छत्रपती शिवाजी महाराजांसारख्या पुरुषभूमिकाही त्यांनी गाजविल्या. १९६४ मध्ये खेडकरांचे निधन झाले. लेकरे पदरी असताना त्यांनी पुन्हा दुसऱ्याच्या फडात काम केले आणि काही वर्षांनी स्वतःचा फड उभा केला. पुढे पुत्र रघुवीर खेडकर यांच्यासमवेत तो फड राज्यभर नावाजला गेला. २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले. याउलट विठाबाई नारायणगावकर यांना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळूनही त्यांचे उत्तरायुष्य आर्थिक विवंचनेत गेले; २००२ मध्ये त्या निवर्तल्या. सन्मान आणि भांडवल या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे कटू असले तरी समजून घेणे भाग आहे.

बँडपथक आणि वही मंडळ

शिंदखेडा परिसरातील वाचकाला फडापेक्षाही जवळचे उदाहरण बँडपथकाचे. खान्देशातील बँडला लग्नसराईत दूरदूरहून मागणी असते. पथकात ढोल वा झांज वाजवीत शिरलेला मुलगा काही वर्षांत क्लॅरिनेट किंवा कळफलक हाती घेतो. पावसाळ्यात सराव, दिवाळीनंतर वाद्यांची डागडुजी, तुळशीच्या लग्नानंतर इसार घेण्यास प्रारंभ, असे त्याचे वर्ष बांधलेले असते. एका तिथीला दोन ठिकाणचा इसार घेतला तर अब्रू जाते, हे त्याला कोणी फळ्यावर लिहून शिकवीत नाही. मास्तरच्या पाठीमागे चालत तो गाडीचे भाडे, गणवेश, वाजविणाऱ्यांची मजुरी आणि वरपक्षाशी करावयाची घासाघीस पाहतो, आणि एके दिवशी स्वतःचे पथक काढतो. ग्रामीण भागात इतक्या कमी शिक्षणावर इतक्या लवकर मालक होण्याची संधी देणारे व्यवसाय थोडे आहेत.

वही मंडळे आणि कानबाईच्या उत्सवात गाणाऱ्या स्त्रियांचे समूह यांत पैशाचा व्यवहार नसतो किंवा अल्प असतो. मात्र एकीने सूर उचलणे आणि बाकीच्यांनी तो झेलणे, चुकलेलीला सांभाळून घेणे, वेळेवर जमणे या सवयी तेथे लागतात. बचत गटाच्या सभेत प्रथम तोंड उघडणे ज्यांना अवघड जाते, त्याच स्त्रिया श्रावणात रात्रभर गाणी सांगतात. पापड-मसाल्याच्या विक्रीसाठी प्रतिनिधी निवडताना गटाने या गुणाकडे लक्ष द्यावे.

उद्योजकतेच्या शास्त्रानेही खेळाचे महत्त्व ओळखले आहे. १९६४ च्या सुमारास अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड आणि त्यांचे सहकारी यांनी हैदराबादच्या लघुउद्योग प्रशिक्षण संस्थेच्या साहाय्याने आंध्रातील काकीनाडा येथील व्यावसायिकांना जे प्रशिक्षण दिले, त्यात व्याख्यानांपेक्षा खेळांचा आणि कथा रचण्याचा भाग ठळक होता. खुंटीवर कडी फेकण्याच्या खेळात आपण किती अंतरावर उभे राहावयाचे हे ज्याने त्याने ठरवावयाचे असे. अगदी जवळ उभा राहणारा धोका टाळतो, फार दूरचा नशिबावर सोडतो. आपला आवाका ओळखून मधले अंतर निवडणारा उद्योजक होण्याची शक्यता अधिक, असा त्यामागील विचार होता. सुपारी घ्यावी की तिकीट लावावे, हा फडमालकापुढील प्रश्न याच जातीचा आहे.

शाळा व पंचायत काय करू शकतील

यावरून प्रत्येक नट उद्योजक होईल, असे कोणी समजू नये. रंगमंचाचे शिक्षण व्यवसायाच्या अर्ध्या भागाची तयारी करून देते. उरलेला अर्धा हिशेबाचा असतो, आणि तो मुद्दाम शिकवावा लागतो. शाळांतील स्नेहसंमेलने या दृष्टीने चांगली संधी आहेत. बहुतेक ठिकाणी नाटक बसविणे मुलांकडे आणि पैशाचे सारे काम शिक्षकांकडे असते. ही वाटणी बदलता येईल. पडदा व ध्वनिवर्धकाची दरपत्रके मागविणे, अंदाजपत्रक मांडणे, खर्चाच्या पावत्या जपणे आणि अखेरीस जमाखर्च सूचनाफलकावर लावणे, ही कामे नववीच्या विद्यार्थ्यांकडे सोपविल्यास नाटकाबरोबरच व्यवसायाचीही तालीम होते. अर्थात तूट आली तर मुलांना दोष न देता ती का आली याची चर्चा करावी, हे शिक्षकांना सांगणे न लगे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने कलेची इतर विषयांशी सांगड घालण्यावर भर दिलेला असल्यामुळे त्यास पुरेसा आधारही आहे.

जे आधीच कलेवर पोट भरत आहेत त्यांचा प्रश्न निराळा आहे. वृद्ध साहित्यिक आणि कलावंतांना राज्य शासन मानधन देते. ते उतारवयातील आधारासाठी असते. उमेदीच्या वर्षांत फडमालक किंवा बँडमास्तर सावकाराकडे वळतो, कारण आपण ‘उद्योग’ चालवितो हे त्याच्या स्वतःच्याही ध्यानात नसते. २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ पारंपरिक व्यवसायांत सुतार, लोहार, कुंभार, शिंपी आहेत. वाजंत्री वा तमाशा कलावंत त्यात नाहीत. तथापि सेवा व्यवसाय म्हणून २०२० पासूनच्या ‘उद्यम’ नोंदणीचा आणि २०१५ पासूनच्या मुद्रा कर्जाचा मार्ग बँडपथकांना खुला आहे. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत महामारीमुळे यात्रा आणि लग्ने थांबली, तेव्हा ज्यांच्याजवळ मागील उत्पन्नाचा कागद नव्हता त्यांना आपले नुकसान दाखविणेही कठीण गेले.

ग्रामपंचायतींनी येथे एक साधे काम करण्यासारखे आहे. यात्रेसाठी फड किंवा बँड ठरविताना तोंडी व्यवहार न करता लेखी करार करावा, रक्कम शक्यतो बँक खात्यात द्यावी आणि पोचपावती घ्यावी. करारात तारीख, खेळाची वेळ, इसार, उरलेल्या रकमेची मुदत आणि खेळ रद्द झाल्यास कोणी किती सोसावयाचे, एवढ्या पाच बाबी असल्या तरी पुरे. अशा दोन-तीन हंगामांच्या करारांची चळत हीच बँकेपुढे ठेवावयाची कागदपत्रे ठरते. जिल्हा उद्योग केंद्र आणि १९८८ मध्ये स्थापन झालेले महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र यांच्याकडे प्रशिक्षणाची मागणी पंचायतीमार्फत नोंदविता येते. वर्ग आषाढ ते भाद्रपद या महिन्यांत ठेवावेत. त्या काळात तंबू गुंडाळलेले असतात, लग्नाच्या तिथी नसतात, आणि बँडची मंडळी सरावासाठी तशीही गावातच एकत्र जमलेली असतात.